जुना पीसी, दुपारी गेम अडकतो. काय बदलू, की सगळाच नवा घेऊ?

पऱ्हाटी_अकोला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. माहिती अर्धी दिली की उत्तरंही अर्धीच येतात, म्हणून सगळं लिहितो.

घरचा पीसी २०१५ मध्ये जोडून घेतलेला आहे. कोअर आय५-४४६०, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम, जीटीएक्स ७५० टीआय २ जीबी ग्राफिक्स कार्ड, १ टीबी हार्ड डिस्क. पॉवर सप्लाय कॅबिनेटसोबतच आलेला, त्यावर ४५० वॅट लिहिलंय. मॉनिटर साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८. विंडोज १० आहे. दिवसा बाबा त्यावर लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं काम करतात, कोरलड्रॉमध्ये. रात्री आणि सुट्टीच्या दुपारी तो माझा आणि धाकट्या भावाचा.

आम्ही दोनच गेम खेळतो, व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह. व्हॅलोरंटची पहिली मॅच ठीक जाते, सेकंदाला ११० च्या आसपास फ्रेम्स (चित्रं) मिळतात. दुसऱ्या मॅचपासून अचानक ३५-४० वर येतात, समोरचा दिसेपर्यंत मी मेलेलो असतो. दुपारी जास्त त्रास, पहाटे खेळलो तर कमी. जीटीएत गाडी जोरात पळवली की पुढचा रस्ताच तयार झालेला नसतो, राखाडी पट्टा दिसतो आणि मग स्क्रीन क्षणभर थांबते. सगळी सेटिंग्ज 'लो' करून पाहिली. काडीचा फरक नाही.

घर जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या) मागच्या अंगाला आहे. सध्या पारा ४३ च्या वर आहे. खोलीत डेझर्ट कूलर आहे आणि पीसी गार राहावा म्हणून तो कूलरच्या झोतातच ठेवलाय.

इथल्या एका दुकानदाराने 'तुमचं कार्ड २ जीबीचं आहे, हे ४ जीबीचं घ्या' म्हणून जीटी ७३० दाखवलं. कॉलेजातला एकजण म्हणतो आय७ टाक, सगळं सुटेल. माझ्याकडे आत्ता १२,००० आहेत. सगळंच बदलायचं असेल तर दिवाळीनंतर ३५,००० पर्यंत जमवता येतील, त्यात बाबाही थोडे घालतील. बाबांचं काम बंद पडून चालणार नाही, मे महिन्यात लग्नसराई आहे.

काय करू?

हिंजवडी_लेन३

भाऊ, स्पष्ट सांगतो. चौथ्या पिढीच्या इंटेलवर, म्हणजे तुझ्या आय५-४४६० वर, आता एक रुपयाही घालू नकोस. तो प्रोसेसर २०१४ चा आहे, चार कोअर आणि चारच थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं. डीडीआर३ रॅम आताच्या नव्या बोर्डांत बसत नाही. जे घेशील ते तिथेच अडकून पडेल.

१२,००० तसेच ठेव आणि दिवाळीनंतर थेट नवीन जोड. आय३-१२१००एफ किंवा रायझन ५ ५६००जीटी, १६ जीबी डीडीआर४, ५०० जीबी एनव्हीएमई (थेट बोर्डात बसणारी वेगवान एसएसडी डिस्क). ५६००जीटी घेतलास तर त्यात ग्राफिक्स आतच आहे, तुझ्या मॉनिटरवर व्हॅलोरंट आरामात चालेल आणि कार्डाचा खर्च पुढे ढकलता येईल. फक्त रॅमचा भाव आधी बघ, गेल्या काही महिन्यांत डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही भयंकर महागल्यात.

इचलची_ताई

लेन३ चं म्हणणं पुढच्या वर्षासाठी बरोबर आहे, पण या पोराचा आजचा त्रास त्यात सुटत नाही. दिवाळीला अजून सहा महिने आहेत, आणि मे महिना त्याच्या बाबांना याच मशीनवर काढायचा आहे.

पऱ्हाटी, माझं इचलकरंजीत दुरुस्तीचं दुकान आहे. आधी त्याच जागेत नेट कॅफे होता, पोरं शाळा सुटली की काउंटर-स्ट्राइक १.६ खेळायला यायची. आमच्या गल्लीत घरोघरी माग. त्यामुळे इथे कुठलंही कॅबिनेट उघडलं की आतून रुई निघते. तुझ्याकडे जिनिंगची, आमच्याकडे मागाची, काम तेच करते. म्हणून तुझा प्रश्न वाचताना 'जिनिंगच्या मागे' इथेच मी थांबले.

तू लिहिलेल्या तीन गोष्टी एकेक करून बघ.

पहिली मॅच चांगली आणि दुसरीपासून घसरण, त्यातही दुपारी जास्त. प्रोसेसर कमी ताकदीचा असता तर पहिल्या मॅचलाही तेवढाच अडखळला असता. हे मशीन तापतंय. प्रोसेसर १०० अंशांना पोचला की स्वतःला जाळून न घेता वेग कमी करतो. ३.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर मग दीड-दोनवर रांगतो. खोलीत ४० अंश असतील तर त्या पंख्याला गार हवा मिळणार कुठून? पहाटे बरं चालतं ते त्यामुळेच.

दुसरं, सेटिंग्ज 'लो' करूनही फरक नाही. सेटिंग्ज कमी केल्या की मुख्यतः ग्राफिक्स कार्डाचं ओझं कमी होतं. ओझं कमी करूनही फ्रेम्स वाढत नसतील तर अडचण कार्डात नाही. व्हॅलोरंट असाही प्रोसेसरवर चालणारा गेम आहे. २०२० ला तो आला तेव्हा १४४ फ्रेम्ससाठी कंपनीने स्वतः जो प्रोसेसर सुचवला होता तो आय५-४४६० च होता, तुझाच. पुढे २०२५ मध्ये गेम अनरिअल इंजिन ५ वर गेला, तेव्हा आज १४४ ची अपेक्षा मी ठेवणार नाही. पण ३५? हा त्या प्रोसेसरचा आकडा नव्हे.

तिसरं, जीटीएमधला राखाडी रस्ता. गाडी पळते तसं पुढचं शहर डिस्कवरून रॅममध्ये यावं लागतं. हार्ड डिस्कला एकेक तुकडा शोधायला दहा-बारा मिलिसेकंद जातात, कारण आत खरोखर तबकडी फिरते आणि काटा सरकतो. साठ फ्रेम्सच्या गेममध्ये एका फ्रेमला मिळतात १६.७ मिलिसेकंद. असे शेकडो तुकडे एकदम मागितले की काय होणार ते तू बघतोच आहेस. एसएसडीत फिरणारं काही नसतं, सगळं चिपवर असतं, तिला त्याच कामाला मिलिसेकंदाचा एक दशांश लागतो.

आता ते जीटी ७३०. कृपा करून घेऊ नकोस. ४ जीबी हा आकडा फक्त किती माल साठतो ते सांगतो, कार्ड किती पळतं ते नाही. तुझ्या ७५० टीआयमध्ये ६४० कोअर आहेत, १२८ बिटचा रस्ता आहे आणि जीडीडीआर५ मेमरी आहे. बाजारात ४ जीबीचं जे ७३० मिळतं त्यात बहुतेक वेळा साधी डीडीआर३ असते आणि कोअर ३८४. पैसे देऊन तू मागे जाशील. हे कार्ड अजून लोकांच्या गळ्यात मारलं जातं याचा मला खरंच राग येतो, कारण घेणारा बहुतेक वेळा तुझ्यासारखा पैसे साठवलेला विद्यार्थी असतो.

तसंच ऑनलाइन जाहिराती असतात, 'कोअर आय७, १६ जीबी, गेमिंग पीसी' पंधरा हजारात. आय७ च्या पुढचा आकडा विचार. ८६० किंवा २६०० निघतो. ती पहिली-दुसरी पिढी, तुझ्या आय५ पेक्षा जुनी.

काही विकत घ्यायच्या आधी मला एवढं कळव. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाक, 'सेन्सर्स' उघड, ते चालू ठेवून दोन मॅच खेळ आणि प्रोसेसरचं कमाल तापमान बघ. तिथेच 'थर्मल थ्रॉटलिंग'च्या (तापल्यामुळे वेग कमी करण्याच्या) ओळीत येस की नो ते बघ. सीपीयू-झेडमध्ये मेमरीच्या पानावर चॅनेल सिंगल आहे की ड्युअल. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हार्ड डिस्कचा रंग निळा, पिवळा की लाल. आणि पॉवर सप्लायच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत.

एक गोष्ट मात्र आजच कर. पीसी कूलरच्या झोतातून बाजूला घे. त्या हवेत ओल असते. ओली हवा आणि रुई मिळून हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या) पात्यांवर नमदा बसतो, आणि रॅमच्या पट्ट्यांवर, स्लॉटमध्ये गंज धरतो. कूलरची हवा गार असते हे खरं, पण ओलीही असते. मशीनला कोरडी आणि मोकळी हवा पाहिजे.

ठाण्याचा_राउटर

ताईंनी मशीनची बाजू सांगितली. मी नेटवर्कमध्ये काम करतो, म्हणून एक तपासणी माझ्याकडून. व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये 'स्टॅट्स'च्या पानावर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ), पॅकेट लॉस (वाटेत हरवलेला डेटा) आणि फ्रेम्स तिन्ही स्क्रीनवर दाखवता येतात. मुंबई सर्व्हर निवड. अडकण्याच्या क्षणी पिंग उडी मारतं की फ्रेम्स पडतात, एवढंच बघ. पिंग स्थिर असेल तर इंटरनेटवाल्याशी भांडायला जाऊ नकोस. पिंग हलत असेल तर आधी वायफाय सोडून लॅन वायर लाव. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर शेजारपाजारचे सगळे राउटर एकमेकांवर ओरडत असतात.

पऱ्हाटी_अकोला

सगळ्यांचे आभार. भावाला खेळायला बसवून मी आकडे लिहून घेतले.

तापमान: दुसऱ्या मॅचच्या सुरुवातीला १०० अंश. थर्मल थ्रॉटलिंग चारही कोअरला येस. प्रोसेसरचा वेग १.६ ते १.९ गिगाहर्ट्झच्या मध्ये.

पिंग २४ ते २७, अडकतानाही तेवढंच. पॅकेट लॉस शून्य.

रॅम सिंगल चॅनेल. ८ जीबीची एकच पट्टी आहे, दुसरा स्लॉट रिकामा.

हार्ड डिस्क पिवळी. 'रिअलोकेटेड सेक्टर्स'समोर आकडा आहे. जीटीए चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के.

पॉवर सप्लाय: १२ व्होल्ट, १४ अँपिअर. ग्राफिक्स कार्डाला द्यायची वेगळी वायर त्यात नाहीच.

रिझोल्यूशन अजून कमी करून बघितलं, फ्रेम्स तेवढ्याच.

बाजूचं झाकण उघडलं तर प्रोसेसरचा पंखा फिरतोय, पण त्याच्या खाली पाती दिसतच नाहीत. पांढरी गादी आहे. अजून हात लावला नाही. ती पिवळी डिस्क कितपत गंभीर आहे?

इचलची_ताई

गंभीर आहे. गेम राहू दे, आधी बाबांच्या फाइल्स.

पिवळा म्हणजे डिस्कचे काही भाग वाचता येईनासे झालेत आणि तिने त्यांच्या जागी राखीव भाग वापरायला घेतलेत. अशी डिस्क कधी वर्षभर जाते, कधी पुढच्या आठवड्यात बसते. कोणाला सांगता येत नाही. बाबांच्या कोरलच्या फाइल्स, फॉन्टचा फोल्डर (मराठी फॉन्ट पुन्हा गोळा करायला किती त्रास होतो ते त्यांना विचार), गिऱ्हाइकांचे फोटो, हे सगळं बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर काढ. नंतर बाकीचं.

मग साफसफाई. घाई करू नकोस, अर्धा दिवस काढ.

वायर काढून पॉवर बटण काही सेकंद दाबून धर, आत उरलेली वीज जाते. कॅबिनेट गच्चीवर किंवा अंगणात ने, घरात उघडशील तर सगळी रुई घरभर होईल. ब्लोअर वापरताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव. ब्लोअरच्या जोराने पंखा बेफाम फिरला तर बेअरिंग जातं. नमदा बसलाय तिथे ब्लोअर पुरणार नाही, पंखा काढून जुन्या दातांच्या ब्रशने पात्यांमधून ओढून काढावा लागेल. पॉवर सप्लायच्या आत हात किंवा ब्रश घालू नकोस, त्यातले कपॅसिटर वायर काढल्यावरही झटका देतात. त्याला बाहेरूनच हवा मार.

इंटेलच्या प्रोसेसरवरच्या कूलरला (हीटसिंक आणि पंखा मिळून) चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यांच्या डोक्यावर बाण आहे, बाणाच्या दिशेने पाव वळण फिरवलं की सुटतात. परत बसवताना उलट फिरवून आधी जागेवर आण, मग समोरासमोरच्या दोन एकदम दाब, टक् आवाज आला पाहिजे. चारातली एक जरी नीट बसली नाही तरी कूलर एका बाजूने उचललेला राहतो आणि तापमान होतं तिथेच राहतं. आमच्याकडे 'पेस्ट बदलली तरी गरम होतो' म्हणून येणाऱ्या मशीनमध्ये बहुतेकदा हीच एक खुंटी निघते.

प्रोसेसर आणि कूलरच्या मधली जुनी पेस्ट वाळून पापडी झाली असेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल मेडिकलमध्ये मिळतं, कापडावर घेऊन पूस. नवी पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी, मधोमध. बोटाने पसरू नकोस, कूलर दाबला की आपोआप पसरते. हातासरशी बोर्डावरची गोल बॅटरी पण बदल, सीआर२०३२. अकरा वर्षांनी ती संपलेलीच असते.

आता १२,००० चा हिशोब. आमच्याकडच्या भावाने सांगते, तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे होईल.

पेस्ट, अल्कोहोल, बॅटरी मिळून चारशेच्या आत.

एसएसडी ५०० जीबी, अडीच इंची साटा (वायरने जोडायची), साडेचार हजारांच्या आसपास. एनव्हीएमई घेऊ नकोस, एच८१ च्या बोर्डावर तिला जागा नसते. घरी आणल्यावर ६ गिगाबिटच्या साटा पोर्टला लाव. एच८१ ला असे दोनच पोर्ट असतात आणि बरेच बोर्ड त्यांचा रंग वेगळा ठेवतात. विंडोज तिच्यावर नव्याने टाक, पिवळ्या डिस्कवरून जसंच्या तसं उतरवू नकोस. बाबांचं सॉफ्टवेअर परत टाकावं लागेल, तर त्याची सीडी किंवा लायसन्सचा नंबर आधी शोधून ठेव.

रॅम ८ जीबीची अजून एक पट्टी, डीडीआर३ १६००, जुन्या बाजारात हजार-बाराशे. नवी शोधत बसू नकोस. रिकाम्या स्लॉटमध्ये ती बसली की ड्युअल चॅनेल होईल, म्हणजे प्रोसेसरला रॅमकडे जायला दोन रस्ते. जीटीएत हे जाणवतं. पण एक सांभाळ: 'फक्त एएमडीसाठी' अशा ८ जीबीच्या पट्ट्या बाजारात स्वस्तात फिरतात, त्या तुझ्या इंटेल बोर्डावर चालणार नाहीत. विचारून घे.

नवा पॉवर सप्लाय ४५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), तीन हजारांपर्यंत. हे का ते सांगते. १२ व्होल्ट गुणिले १४ अँपिअर म्हणजे १६८ वॅट. स्टिकरवरचे ४५० कुठून आले देव जाणे. तुझा प्रोसेसर ८४ वॅटचा, कार्ड ६० वॅटचं, वर डिस्क आणि पंखे. म्हणजे तो बिचारा अकरा वर्षं काठावर चालतोय, तेही अकोल्याच्या उन्हाळ्यात. असा सप्लाय जाताना कधीकधी बोर्ड घेऊन जातो.

एवढं करून नऊ हजारांच्या आसपास थांब. उरलेले ठेवून दे. ग्राफिक्स कार्ड आत्ता बदलू नकोस, तुझ्या मॉनिटरवर तुझ्या गेमना ७५० टीआय पुरतं. १३६६ बाय ७६८ मध्ये फुल एचडीच्या निम्मेच पिक्सेल आहेत. उद्या कोणी आरएक्स ६४०० स्वस्तात देऊ लागला तरी या मशीनसाठी घेऊ नकोस. ते चारच लेनचं (बोर्डाशी बोलायला चारच रस्ते असलेलं) कार्ड आहे आणि एच८१ चा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० चा, त्याचा गळा आवळला जाईल. आरएक्स ५८० ला १८५ वॅट लागतात. या बोर्डाला शोभणारं पुढचं कार्ड एकच, जीटीएक्स १६५०, ७५ वॅटचं, वेगळी वायर न लागणारं. तेही वापरलेलं, चांगल्या भावात आणि चालवून बघूनच.

आय७-४७९० बद्दल: तुझ्या बोर्डात बसतो, आठ थ्रेड मिळतात, जीटीएला बरं वाटेल. पण जीटीएचा थोडा आराम फुकटात मिळतो. चार थ्रेडचा प्रोसेसर १०० टक्क्यांवर गेला की त्या गेमला झटके येतात, म्हणून फ्रेम्स ६० वर बांधून टाक. मॉनिटर ६० हर्ट्झचाच असेल, त्याच्या वरच्या फ्रेम्स तुला पुऱ्या दिसतही नाहीत. आय७ चे पैसे दिवाळीच्या डब्यात टाक.

सोलापूर_सिस्टम

ताईंच्या यादीत सॉफ्टवेअरचं थोडं घालतो, कारण दिवाळीनंतरचा निर्णय त्यावरच ठरणार.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलं असेल तर ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत येत राहतील. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर तो पर्याय दिसतो. बाबांचे गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन येत असतील, तर हे आजच करून घे.

विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. यूट्यूबवर ते चुकवून जुन्या मशीनवर ११ टाकायचे मार्ग दाखवतात. विंडोज लागेलही, पण व्हॅलोरंट चालणार नाही. त्याचं व्हॅनगार्ड, म्हणजे खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतं, नसेल तर व्हॅन९००१ ही एरर देऊन दार बंद करतं. म्हणजे या मशीनवर व्हॅलोरंट खेळायचं तर विंडोज १० वरच राहायचं.

७५० टीआयसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर येणंही ऑक्टोबर २०२५ ला थांबलं, आता फक्त सुरक्षेचे येतात. १०५० टीआयचंही तेच. कार्ड घ्यायची वेळ आलीच तर ताई १६५० का म्हणतायत ते यातूनही कळेल, त्याचे ड्रायव्हर चालू आहेत.

इचलची_ताई

सोलापूर, बरं झालं लिहिलंत. त्यावरूनच दिवाळीचं सांगते.

पऱ्हाटी, लेन३ ने सांगितलेलं नवीन मशीन चांगलंच आहे, पण रॅमचे भाव असे असताना ३५,००० मध्ये ओढाताण होईल. दुसरी वाट बघ. बँका आणि कंपन्या आपली ऑफिसची मशीन ठरावीक वर्षांनी काढून टाकतात. त्यातली आय५-८५०० ची डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपी प्रोडेस्क बघ. आठवी पिढी, सहा कोअर, टीपीएम २.० आहे, विंडोज ११ अधिकृत चालतं. मुख्य म्हणजे डीडीआर४ रॅम आतच आलेली असते, ती वेगळी घ्यावी लागत नाही.

घेताना उभं, मोठं कॅबिनेट घे. आडवं छोटं घेतलंस तर त्यात फक्त बुटकी कार्डं बसतात आणि ती महाग पडतात. या मशीनचा पॉवर सप्लाय कंपनीचा स्वतःचा असतो, आत्ता घेतलेला त्यात बसणार नाही. तो जुन्या पीसीतच राहू दे. जुना पीसी बाबांना दे, एसएसडी आणि १६ जीबीवर कोरलड्रॉ अजून काही वर्षं छान चालेल, आणि लग्नसराईत तुम्हा दोघांना रात्र होईपर्यंत थांबावं लागणार नाही. ७५० टीआय काढून ऑप्टिप्लेक्समध्ये लाव, ६० वॅटचं असल्यामुळे चालून जाईल. बाबांच्या कामाला प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं.

पऱ्हाटी_अकोला

फाइल्स काढल्या, फॉन्टसकट. मग गच्चीवर साफसफाई केली. पंख्याखालून निघालेला नमदा बाबांनी हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, हा आपल्या मागच्या जिनिंगचाच माल आहे.

चारही खुंट्यांचा टक् आवाज ऐकला. पीसी डेझर्ट कूलरपासून दूर, खिडकीच्या आतल्या अंगाला टेबलावर ठेवला. आज दुपारी दीड वाजता, खोलीत ३९ अंश असताना तिसऱ्या मॅचनंतर प्रोसेसर ७८ वर थांबला. थ्रॉटलिंग नो. फ्रेम्स ९५ ते ११५, शेवटपर्यंत. यात पैसे म्हणाल तर चारशेही लागले नाहीत.

जीटीए अजून अडकतो, डिस्क तीच आहे. एसएसडी आणि पॉवर सप्लाय मागवलेत, सोमवारपर्यंत येतील. वाढीव अपडेटसाठी नाव नोंदवलं.

रॅमची पट्टी इथल्या एका जुन्या मालाच्या दुकानात मिळतेय, ९५० ला. तो म्हणतो इंटेलवर चालते, पण गॅरंटी देत नाही. स्टिकर अर्धा फाटलाय. घेऊ का?

इचलची_ताई

७८ उत्तम आहे त्या खोलीसाठी.

पट्टी पैसे देण्याआधी तपासून घे. तुझी पट्टी सोबत ने आणि त्याच्याकडे चौथ्या पिढीचं इंटेल मशीन असेल तर दोन्ही एकत्र लावून सुरू करायला सांग. मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर लाव आणि एक पूर्ण फेरी होऊ दे. दोन पट्ट्यांना तास-दीड तास लागेल, तेवढा वेळ तिथे बस. एक जरी लाल ओळ आली तर उठून ये. तो मशीन लावू द्यायला तयार नसेल तर दोनशे जास्त देऊन दुसरीकडून घे, जो परत घ्यायची लेखी हमी देईल त्याच्याकडून.

आणि सोमवारी एसएसडी आली की जुनी डिस्क काढून ठेव, लावून ठेवू नकोस. विंडोज तिला सारखं हात लावत राहतं आणि पिवळी डिस्क नव्या मशीनलाही अडकवते.